जुन्या बेसबॉल कार्डांचा पूर्ण संच बेताच्या खर्चात कसा जमवावा?

जुनी बेसबॉल कार्डे म्हणजे खेळाडूंची चित्रे असलेली आणि त्या काळी च्युइंगगमच्या पाकिटांतून मुलांना विकली गेलेली पुठ्ठ्याची कार्डे. त्यांच्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दरमहा बेताचीच रक्कम बाजूला काढता येत असेल, तर अमेरिकेतील टॉप्स कंपनीने १९५० ते १९७० च्या दशकांत काढलेल्या बेसबॉल कार्डांचा एखादा पूर्ण संच जमवता येईल का? येत असल्यास कोणत्या वर्षाचा संच निवडावा, महागडी कार्डे आधी घ्यावीत की स्वस्त, कार्डांची अवस्था कितपत चांगली असावी, आणि एकेक कार्ड जमवण्यापेक्षा तयार संच घेणे परवडते का?

जमवता नक्कीच येतो. मात्र संच अर्धवट सोडून देणाऱ्या बहुतेकांची अडचण एकूण पैशांची नसते, तर पैसे कोणत्या क्रमाने खर्च झाले याची असते. सहाशे-साडेसहाशे कार्डांच्या संचात बहुसंख्य कार्डे सामान्य खेळाडूंची, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत ‘कॉमन’ असतात आणि ती सहज, स्वस्तात मिळतात. खर्चाचा मोठा वाटा उरलेल्या थोड्या कार्डांवर होतो. सोपी कार्डे भराभर घेतली की संच पाऊण झाल्यासारखा दिसतो, पण खर्चाच्या हिशेबाने तो जेमतेम सुरू झालेला असतो. म्हणून पहिले कार्ड विकत घेण्यापूर्वी आपल्या संचातील अवघड कार्डे कोणती आणि ती अवघड का आहेत, हे समजून घेतले पाहिजे. बाकीचे सगळे निर्णय त्यावरून ठरतात.

अवघडपणाचे सर्वांत मोठे कारण छपाईच्या पद्धतीत आहे. १९७३ पर्यंत टॉप्स आपला संच एकदम बाजारात आणत नसे. हंगामाच्या सुरुवातीपासून उन्हाळा संपेपर्यंत एकामागून एक मालिका निघत आणि प्रत्येक मालिकेत पुढचे क्रमांक येत. शेवटची मालिका दुकानांत पोहोचेपर्यंत मुलांचा उत्साह ओसरलेला असे, फुटबॉलची कार्डे येऊ लागलेली असत आणि दुकानदार मागणी कमी नोंदवत. परिणामी वरच्या क्रमांकांची कार्डे कमी छापली गेली आणि त्याहून कमी विकली गेली. ‘हाय नंबर’ म्हणतात ती हीच. १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचात ३११ ते ४०७ हे क्रमांक या प्रकारचे आहेत, आणि न्यूयॉर्क यांकीज संघाचा नामवंत खेळाडू मिकी मँटल याचे प्रसिद्ध कार्ड ३११ क्रमांकाचे आहे. त्या वर्षाचा न विकला गेलेला माल १९६० मध्ये बोटीतून नेऊन अटलांटिक महासागरात टाकला, असे टॉप्सचे साय बर्गर यांनी सांगितले होते. मँटलचे तेच कार्ड, अत्यंत उत्तम अवस्थेतले, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. गंमत अशी की मँटलचे कार्ड त्याच मालिकेतील बहुतेक कार्डांच्या दुप्पट संख्येने छापले गेले होते. म्हणजे तिथे किंमत दुर्मीळतेपेक्षा नावावर अधिक ठरते, तर शेजारच्या अनोळखी खेळाडूचे कार्ड केवळ कमी छापले गेल्यामुळे महाग असते. यादी करताना महागाईची ही दोन कारणे वेगळी ओळखता आली पाहिजेत.

सगळ्याच वर्षी अडचण अखेरच्या मालिकेतच असते असेही नाही. १९५७ च्या संचातही ४०७ कार्डे आहेत, पण तिथे अवघड मालिका मधली, २६५ ते ३५२ क्रमांकांची आहे, आणि ब्रूक्स रॉबिन्सनचे पदार्पणाचे, म्हणजे पहिलेवहिले कार्ड, क्रमांक ३२८, नेमके तिच्यातच आहे. १९६७ च्या ६०९ कार्डांपैकी ५३४ पासून पुढची मालिका तर अनेक संग्राहकांची दमछाक करते, कारण रॉड कॅरू (५६९), टॉम सीव्हर (५८१) आणि ब्रूक्स रॉबिन्सन (६००) हे तिघेही तिथेच आहेत. दुर्मीळता आणि नाव दोन्ही एकत्र आले की किंमत कशी चढते याचे हे ठळक उदाहरण आहे. १९७२ चा संच ७८७ कार्डांचा आणि रंगाने अतिशय देखणा आहे, पण ६५७ पासूनची एकशे एकतीस कार्डे त्याचा खर्च पार बदलून टाकतात.

म्हणून मर्यादित पैशांत पहिलाच संच जमवू पाहणाऱ्याला मी १९७४ चा संच सुचवतो. त्या वर्षी टॉप्सने सर्व ६६० कार्डे एकाच वेळी देशभर वितरित केली, त्यामुळे त्यात हाय नंबरची भानगडच नाही. खेळाडूंच्या दृष्टीनेही तो संच मुळीच हलका नाही. डेव्ह विनफिल्डचे पदार्पणाचे कार्ड (४५६) त्यात आहे. क्रमांक १ च्या कार्डावर हँक ॲरनला सार्वकालिक होमरन-सम्राट (होमरन म्हणजे सहसा चेंडू मैदानाबाहेर टोलवून काढलेली धाव) म्हटले आहे, आणि ते छापले गेले तेव्हा त्याने बेब रूथचा विक्रम मोडलेला नव्हता. तो विक्रम मोडणारा ७१५ वा होमरन ८ एप्रिल १९७४ रोजी झाला. संच पुरा करण्यातला खरा आनंद मला अशा ठिकाणी मिळतो, कारण एखादे वर्ष क्रमाने हाताखालून गेले की त्या वर्षीचा खेळ उलगडत जातो, आणि तो अनुभव एकट्यादुकट्या महाग कार्डाने येत नाही. १९७५ चा ६६० कार्डांचा संचही चांगला पर्याय आहे. त्यात रॉबिन यौंट (२२३) आणि जॉर्ज ब्रेट (२२८) यांची पदार्पणाची कार्डे आहेत. मात्र त्याच्या दुरंगी कडांवर झीज लगेच दिसते. ज्यांना १९५० चेच दशक हवे आहे त्यांनी १९५६ कडे पाहावे. ३४० कार्डांत जॅकी रॉबिन्सन, ॲरन, क्लेमेंटे, कूफॅक्स, मेज, मँटल आणि टेड विल्यम्स एवढे सगळे आहेत, म्हणून तो स्वस्त नाही, पण हाय नंबरची मालिका नसल्याने त्याचा खर्च आधीच नीट मांडता येतो. १९५२ चा पूर्ण संच मात्र बेताच्या पैशांत करण्याचा संच नव्हे. हे स्पष्ट सांगितलेले बरे.

वर्ष ठरले की यादी तयार करावी. यादीत प्रत्येक क्रमांकासमोर खेळाडू, मालिका आणि आपल्याला हव्या असलेल्या अवस्थेतील कार्डाची किंमत असावी. ही किंमत विक्रेत्याने मागितलेली नव्हे, तर अलीकडे प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची घ्यावी, कारण मागितलेल्या किमतीला कुणाचाही लगाम नसतो. यादी करतानाच काही क्रमांक अस्तित्वातच नाहीत हेही लक्षात येईल. १९५३ चे क्रमांक २८० पर्यंत जातात, पण कार्डे २७४ आहेत. १९५५ मध्ये २१० पर्यंतच्या क्रमांकांत २०६ कार्डे आहेत. १९५८ मध्ये १४५ क्रमांक निघालाच नाही. १९६१ मध्ये ४२६ क्रमांकाचे कार्ड नाही, कारण ब्रेव्हज संघाच्या कार्डावर चुकून ४६३ छापले गेले आणि त्या क्रमांकाची दोन कार्डे झाली. जुन्या काळी कंपन्यांनी असे गाळलेले क्रमांक मुलांना पाकिटे घ्यायला लावण्यासाठीही वापरले. गौडी कंपनीच्या १९३३ च्या २४० कार्डांच्या संचात १०६ क्रमांक नव्हता. तक्रारी आल्यावर १९३४ मध्ये नॅप लाजॉयचे कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवले गेले, आणि आज ते एकच कार्ड तो संच बहुतेकांच्या आवाक्याबाहेर ठेवते.

याच टप्प्यावर आपण ‘पूर्ण’ कशाला म्हणणार हेही लिहून ठेवावे. १९६२ च्या दुसऱ्या मालिकेतील काही छपाई हिरवट झाकेची आहे. १९६९ मध्ये काही कार्डांवर खेळाडूचे नाव पिवळ्याऐवजी पांढऱ्या अक्षरांत आले आणि त्यांत ५०० क्रमांकाचे मँटलचे कार्डही आहे. १९७४ मध्ये सॅन डिएगोचा संघ वॉशिंग्टनला जाणार असे गृहीत धरून काही कार्डांवर वॉशिंग्टन छापले गेले आणि नंतर ते बदलले. असे सगळे प्रकार मिळवणे हा स्वतंत्र आणि खर्चिक उद्योग आहे. प्रत्येक क्रमांकाचे एक कार्ड मिळाले की संच पूर्ण झाला, अशी व्याख्या करावी आणि ती मध्येच बदलू नये.

अवस्थेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण खर्चावर आपला खरा ताबा तिथेच चालतो. ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे शुल्क घेऊन कार्डाचा खरेपणा आणि अवस्था तपासणाऱ्या कंपन्या, कार्डाला १ ते १० असे गुण देतात. गुण वाढतील तशी किंमत सरळ रेषेत वाढत नाही; सातच्या पुढे ती झपाट्याने चढते, आणि तीन ते पाच गुणांची कार्डे त्या मानाने फारच कमी पैशांत मिळतात. बेताच्या खर्चाच्या संचासाठी हाच पट्टा योग्य आहे. पण नुसता आकडा बघून घेऊ नये. चार गुणांच्या दोन कार्डांपैकी एकाचे चित्र स्वच्छ आणि मध्यभागी असते, रंग ताजे असतात आणि गुण केवळ मागच्या बाजूच्या बारीक दुमडीमुळे कापलेले असतात. दुसऱ्या कार्डावर खेळाडूच्या चेहऱ्यावरून दुमडीची पांढरी रेघ गेलेली असते. किंमत जवळपास सारखीच असते, आणि वहीत लावल्यावर मात्र पहिले कितीतरी सुंदर दिसते. नामवंत खेळाडूंची कार्डे याच मार्गाने घ्यावीत. गोल झालेले कोपरे, पाठीवरचा च्युइंगगमचा किंवा पाकिटाच्या मेणाचा डाग, पाठीवर पेन्सिलने लिहिलेले मुलाचे नाव, किंचित सरकलेली छपाई यांपैकी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे प्रत्येकाने आधी ठरवावे. मी कोपऱ्यांची झीज आनंदाने स्वीकारतो, पण समोरच्या बाजूला शाई किंवा चिकटपट्टी असलेले कार्ड घेत नाही. एकदा ठरवलेला दर्जा संचभर सांभाळला तर नऊ कार्डांचे प्रत्येक पान एकसारखे दिसते, आणि असा मध्यम दर्जाचा पण एकजीव संच मला चार चकचकीत आणि चार फाटक्या कार्डांच्या संचापेक्षा कधीही अधिक मोलाचा वाटतो.

वर्षावर्षाची कमजोरीही ओळखून असावे. १९७१ च्या काळ्या कडा, १९६३ चे तळाचे रंगीत पट्टे आणि १९६२ ची लाकडी नक्षी यांवरचा लहानसा टवकाही डोळ्यांत भरतो. तिथे दर्जा एक पायरी खाली धरला नाही तर खर्च हाताबाहेर जातो. उलट १९७० च्या करड्या कडा बरीच झीज पोटात घालतात.

आता क्रम. सुरुवात एका मोठ्या ढिगाने करावी, म्हणजे त्या वर्षाची दोन-तीनशे कार्डे एकत्र मिळतील अशा खरेदीने. सामान्य कार्डे एकेक करून घेणे हा सर्वांत महाग मार्ग आहे, कारण टपालखर्च बहुधा कार्डापेक्षा जास्त होतो. ढिगातून नामवंत खेळाडू आणि वरचे क्रमांक बहुतेक वेळा आधीच काढून घेतलेले असतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. फक्त किंमत सामान्य कार्डांच्या हिशेबाने दिली जात आहे ना, एवढे पाहावे आणि क्रमांकांची यादी मागून कोणत्या मालिका आहेत ते तपासावे. दुबार आलेली कार्डे लगेच वेगळी काढून विकावीत किंवा त्याच वर्षाचा संच जमवणाऱ्या दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदल करावी. अदलाबदलीत दोघांचाही फायदा होतो, आणि जमवणारी माणसे एकमेकांच्या याद्या लक्षात ठेवतात.

ढीग आल्यावर मात्र उरलेली सामान्य कार्डे मागे ठेवून मोर्चा अवघड कार्डांकडे वळवावा. दरमहाच्या रकमेचा निम्म्याहून अधिक भाग स्वतंत्र ठेवून दोन-तीन महिन्यांनी एक मोठे कार्ड घ्यावे, आणि उरलेल्या पैशांत वरच्या मालिकेतील अनोळखी खेळाडू मिळतील तसे घ्यावेत. सामान्य कार्डे पुढेही मिळणार आहेतच आणि त्यांची किंमत सहसा फारशी हलत नाही. महाग कार्डाची किंमत हलली तर ती मोठ्या रकमेने हलते. काही जण उलट सल्ला देतात: आधी सोपी कार्डे भरा म्हणजे उत्साह टिकतो. उत्साहाचे महत्त्व मी नाकारत नाही, पण पाऊणशे सर्वांत महाग कार्डे शिल्लक राहिलेल्या यादीइतका उत्साह मारणारे दुसरे काही नसते.

यादीतल्या काही कार्डांकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. त्यांपैकी एक म्हणजे चेकलिस्ट, अर्थात कार्डांची यादी छापलेले आणि मिळालेल्या कार्डापुढे खूण करण्यासाठी चौकोन असलेले कार्ड. त्या काळच्या मुलांनी ती ज्या कामासाठी होती त्याच कामासाठी वापरली, चौकोनांत खुणा केल्या, त्यामुळे कोऱ्या चेकलिस्ट मिळणे कठीण असते आणि त्या एखाद्या चांगल्या खेळाडूच्या किमतीला जातात. खोडलेल्या पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो. कार्ड उजेडात तिरके धरले की तो दिसतो. १९५६ च्या दोन चेकलिस्टना तर क्रमांकच नाहीत, आणि अनेक जण त्या ३४० च्या बाहेरच्या मानतात. संचाचे पहिले आणि शेवटचे कार्डही असेच. गठ्ठ्याला रबर लावले की त्याचा काच याच दोन कार्डांना बसे, म्हणून १९५२ चे क्रमांक १ चे अँडी पॅफ्कोचे कार्ड चांगल्या अवस्थेत इतके दुर्मीळ आहे. फलंदाजीत किंवा गोलंदाजीत आघाडीवर असलेल्यांची एकत्रित कार्डे आणि अनेक नवोदितांची एकत्र कार्डेही सामान्य समजू नयेत. १९७३ च्या ६१५ क्रमांकाच्या कार्डावर तीन नवोदितांत पुढे नामवंत झालेला माइक श्मिट आहे.

तयार संच घेणे परवडते का? एकरकमी पैसे असतील तर बहुतेक वेळा होय. पूर्ण संच सुट्या कार्डांच्या बेरजेपेक्षा कमी किमतीला जातो, कारण एवढी रक्कम एकदम देणारे थोडे असतात. परंतु संचाच्या जाहिरातीत सांगितलेली अवस्था सहसा बहुसंख्य सामान्य कार्डांची असते; पहिली वीस महाग कार्डे त्याहून बरीच खराब असू शकतात, आणि पैसे तर त्यांचेच दिलेले असतात. त्या वीस कार्डांची दोन्ही बाजूंची स्वतंत्र छायाचित्रे मागावीत, आणि ती मिळत नसतील तर तो व्यवहार सोडून द्यावा.

फसवणुकीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कमी पैशांच्या संग्राहकाला एक खोटे कार्डही सोसत नाही. खरी झीज आणि केलेली लबाडी यांत फरक आहे. सर्वांत जास्त आढळणारी लबाडी म्हणजे झिजलेल्या कडा कातरून कोपरे टोकदार करणे. त्यासाठी संशयित कार्ड त्याच वर्षाच्या, खात्रीच्या स्वस्त कार्डावर ठेवून चारही बाजू पाहाव्यात. जुन्या कडेला असणारा किंचित खडबडीतपणा कातरलेल्या कडेला नसतो. टॉप्सची कार्डे १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंचांची आहेत, १९५२ ते १९५६ ची त्यांहून मोठी. दुसरी लबाडी रंगाची: १९७१ च्या काळ्या कडेवर शाई लावली असेल, तर कार्डाची जाडी बाजूने पाहिल्यावर आतल्या कागदातही शाई उतरलेली दिसते. तिसरी म्हणजे पुनर्मुद्रित कार्ड जुने म्हणून विकणे. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२ च्या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली. तिच्यावर तसे छापलेले असते, पण ते खरवडता येते. दहापट भिंगाखाली पाहिले तर मूळ कार्डातील चित्र ठिपक्यांचे आणि अक्षरे व रेषा भरीव दिसतात, तर छायाचित्रावरून केलेल्या नकलेत बऱ्याचदा अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली असतात. महायुद्धापूर्वीच्या कार्डांसाठी अतिनील दिवाही उपयोगी पडतो, कारण नंतरच्या काळातील बऱ्याच कागदांत चकाकीची रसायने असतात आणि ते निळसर उजळतात.

एवढे करूनही संशय राहील अशी, म्हणजे संचातील अगदी वरची पाच-सहा कार्डे, पीएसए किंवा एसजीसीसारख्या कंपनीने तपासून बंदिस्त केलेलीच घ्यावीत. कमी गुणांची असली तरी चालतील. तिथे आपण गुणांसाठी पैसे देत नसून खरेपणासाठी देत असतो. सामान्य कार्डे ग्रेडिंगला पाठवू नयेत, कारण शुल्क कार्डाच्या किमतीहून जास्त होते.

खरेदीच्या वेळेबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. एखादा खेळाडू बातम्यांत असताना, त्याची हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी, निवड झाली असताना किंवा त्याचे निधन झाले असताना त्याचे कार्ड घेऊ नये. काही आठवड्यांनी गर्दी ओसरते. कार्डांच्या प्रदर्शनात अखेरच्या दिवशी, विक्रेते सामान आवरण्याच्या बेतात असताना, पंचवीस-तीस सामान्य कार्डे एकत्र बाजूला काढून एकच भाव विचारावा. साठवणीसाठी पॉलिप्रॉपिलीनची पाने आणि इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कड्यांची वही पुरते. पीव्हीसीची पाने कार्डांना चिकटतात व खराब करतात, आणि १९५७ पूर्वीच्या मोठ्या कार्डांना नऊऐवजी आठ खणांची पाने लागतात. वही उभी आणि कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी.

संच पूर्ण होईपर्यंत एकही कार्ड सुधारून घेऊ नये. हातात असलेल्या चार गुणांच्या कार्डाच्या जागी सहा गुणांचे दिसले की मोह होतो, पण तेवढ्याच पैशांत यादीतला एखादा रिकामा क्रमांक भरता येतो. शेवटच्या पाच-दहा कार्डांसाठी बाजारभावापेक्षा थोडे जास्त द्यावे लागले तर द्यावेत आणि यादी ओळखीच्या विक्रेत्यांकडे देऊन ठेवावी. सुधारणा त्यानंतर, सर्वांत खराब दिसणाऱ्या कार्डापासून सुरू करावी. प्रत्येक कार्डाची खरेदीची तारीख आणि किंमत पहिल्या दिवसापासून लिहिलेली असावी, कारण विम्यासाठी ती लागते; आणि पुढे कधी संच विकायची वेळ आलीच, तर महाग वीस-तीस कार्डे सुटी आणि बाकीचा संच एकत्र विकल्यास अखंड संचापेक्षा बहुधा अधिक रक्कम हाती येते.